मिठाची पोती आणि देवगिरीची वाट

जालन्याच्या मोंढ्यात मी एकतीस वर्षं आडतीच्या दुकानावर मुनीम होतो. मामा त्याच मोंढ्यात हमाल. मी गादीवर बसून पोती लिहायची आणि मामांनी ती पाठीवर वाहायची, असा आमचा मामा-भाच्याचा धंदा. घरी मात्र ते आजही मला "भाचेबुवा" म्हणतात आणि मी त्यांच्या पाया पडतो.

देवगिरीला जायचं ठरलं ते एका गोष्टीवरून. नातीच्या अभ्यासात यादवांचा धडा होता. मी तिला सांगत होतो, की १२९६ साली अलाउद्दीन खलजी अचानक चालून आला, रामदेवरायाची मोठी फौज मुलाबरोबर बाहेर होती आणि राजा घाईघाईनं किल्ल्यात शिरला. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती खाली पडलेली होती, ती धान्याची समजून लोकांनी वर नेली. वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत मीठ! ही हकिकत मोगलाईच्या काळात लिहिलेल्या फारसी तवारिखेतून आलेली आहे, पण आपल्याकडे ती घरोघर सांगतात.

मामा भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "हे मला पटत नाही. पोतं उचलणाऱ्याला कळलं नाही? तेवढ्याच पोत्यात मीठ भरलं तर दीडपट वजन भरतं. पाठीवर घेतल्याबरोबर गुडघा सांगतो."

बहात्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे पोत्यांनी खाल्लेले असताना, मामांनी किल्ला बघायचाच असा हट्ट धरला. मी आधी नाही म्हणालो. मग दिवाळीनंतरची थंडी पडल्यावर सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही छत्रपती संभाजीनगरला आलो आणि तिथून वेरूळच्या रस्त्यानं दौलताबाद. शहरापासून पंधरा किलोमीटर. बरोबर भाकरी, ठेचा, पाण्याच्या चार बाटल्या, एक बॅटरी आणि मामांची काठी. आठ वाजता आत शिरलो. ऊन चढायच्या आत अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातला काळोखा बोगदा, गाठायची, हे एक पथ्य पाळलं तर वयस्कर माणसालाही हा किल्ला होतो. घाई मात्र चालत नाही.

किल्ल्याला तीन कोट. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, मलिक अंबरच्या नावाचा. त्याच्या आत महाकोट आणि डोंगराला बिलगून काळाकोट. तिकीट काढून आत जाताना महाकोटाच्या दरवाजांची रांग लागते. इथं मामा पहिल्यांदा थांबले. दाराच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला लोखंडी खिळे आहेत, बोटभर जाड. त्यांनी एका खिळ्यावर अंगठा ठेवून दाबून पाहिला. आणि दार सरळ रस्त्यावर नाही. एका दारातून आत आलं की लगेच वळण, मग चौक, मग पुढचं दार. हत्तीला धावत यायला जागाच मिळू नये अशी ती रचना. चौकात आता जुन्या तोफा मांडून ठेवल्यात. पोरं त्यांवर बसून फोटो काढत होती.

याच किल्ल्यात १६२९ साली निजामशाहाच्या दरबारात लखुजीराव जाधवांना दगाफटक्यानं मारलं, मुलांसह. जिजाऊसाहेबांचे वडील. आम्ही सिंदखेडराजाच्या शेजारची माणसं. लखुजीरावांची समाधी आमच्याकडे लहानपणापासून पाहिलेली, पण ते जिथं पडले ती जागा पाहायला मामांना बहात्तर वर्षं लागली. मी हे सांगितल्यावर त्यांनी चपला काढल्या, पायरीची माती कपाळाला लावली आणि पुढे बराच वेळ बोलले नाहीत.

आत गेल्यावर डाव्या हाताला हत्ती हौद. एवढा मोठा चौकोनी हौद, की काठावरचा माणूस पलीकडे बाहुलीएवढा दिसतो. आसपासच्या डोंगरांकडून भाजलेल्या मातीच्या नळांनी या नगराला पाणी आणलेलं होतं. त्याच्या जवळ भारतमाता मंदिर. मुळात ही खलजींच्या काळात, १३१८ च्या सुमारास उभारलेली जामा मशीद, तिचे खांब त्याआधीच्या देवळांचे. आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यावर इथं भारतमातेची मूर्ती बसवली गेली. एकाच आवारात किल्ल्याचा सगळा इतिहास एकावर एक रचून ठेवलाय. मी खांबांवरचं कोरीव काम जवळून पाहिलं. प्रत्येक खांबाचं नक्षीकाम वेगळं. मापाला मात्र सगळे एकसारखे बसवलेत.

उजवीकडे चांदमिनार. पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतानाचा. आत चढायला बंदी आहे. बहुतेक लोक इथं फोटो काढतात, थोडं पुढे जाऊन चिनी महालाच्या भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे पाहतात आणि परत फिरतात. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह १६८७ नंतर मरेपर्यंत त्या महालात औरंगजेबाच्या कैदेत होता. पण एवढ्यावर परत फिरणं म्हणजे मोंढ्याच्या कमानीत उभं राहून बाजार पाहिला म्हणण्यासारखं आहे. देवगिरी किल्ला खरा सुरू होतो तो त्याच्या पुढे.

चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं कोरलेलं, शिंगं अगदी खऱ्यासारखी वळलेली. तोफेवर औरंगजेबाचं नाव आणि 'किल्ला शिकन' हे तिचं नाव कोरलंय. किल्ला फोडणारी. बुरुजाच्या मधोमध एका खुंटावर ती चौफेर फिरावी अशी बसवलीय. मामांनी मेंढ्याच्या शिंगावरून हात फिरवला. धातू उन्हानं अजून तापला नव्हता.

मग खंदक. इथं कितीही वाचून आलात तरी पाय थबकतातच. जिवंत काळा कातळ खाली खोलवर कापून काढलाय आणि पलीकडे डोंगर छिन्नी-हातोड्यानं तासून भिंतीसारखा सरळ उभा केलाय, दीडशे-दोनशे फूट. झाड नाही, खाच नाही, हाताला धरायला काही नाही. घोरपड लावायची म्हटली तरी ती कुठं चिकटणार? आत जायला एकच अरुंद पूल. मामा कठड्याला धरून छिन्नीचे घाव बघत होते. तिरके, एकाच्या खाली एक, सारख्या अंतरावर. म्हणाले, "एका माणसानं दिवसात किती तासलं आसंल? वीतभर?" मी मनात गुणाकार करू लागलो आणि सोडून दिला. एवढं काम करणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव कुठल्या शिलालेखात नाही.

पुलापलीकडे अंधारी. तिथल्या एका वाटाड्याला बरोबर घेतलं, ते बरं झालं. डोंगराच्या पोटातून कोरलेला हा वळणावळणाचा बोगदा. वीस पावलांवर दिवसाचा उजेड संपतो आणि वटवाघळांचा उग्र वास नाकात जातो. वाटाड्यानं सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावले. डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हात दिसेना. मामांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांच्या तळव्याचे घट्टे शर्टातून जाणवत होते. पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या ठेवल्यात, एक वीतभर, पुढची गुडघाभर. अंधारात पळणारा माणूस पडलाच पाहिजे. मध्ये वाट फुटते. एका फाट्याला पुढे उजेड दिसतो, साहजिक माणूस तिकडे वळतो, आणि तो उजेड असतो थेट खंदकावर उघडणाऱ्या भोकाचा. आता तिथं जाळी आहे.

शेवटच्या तोंडावर वर लोखंडी झाकण असायचं. शत्रू आत शिरला की झाकण ओढायचं, त्यावर जाळ करायचा आणि धूर खाली बोगद्यात सोडायचा. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हणजे धुरी." गोदामात सोंडे झाले की आम्ही थप्पीवर ताडपत्री झाकतो, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतो, आत गोळ्या ठेवतो आणि चार-पाच दिवस कुणालाही जवळ फिरकू देत नाही. ते काम मामांनी कित्येक वर्षं केलं. बाहेर पडल्यावर उन्हात उभे राहून ते म्हणाले, "किड्यांना करतो तसं माणसांना."

गणपतीच्या देवळापाशी आम्ही अर्धा तास बसलो. मामांच्या गुडघ्यांना मी तेल लावलं. मग पायऱ्या, पुन्हा पायऱ्या. दर तीस पायऱ्यांना थांबायचं असं ठरवलं होतं, पुढे पुढे ते वीसवर आलं. माकडांपासून पिशवी सांभाळावी लागते. आमच्या पुढच्या कुटुंबाची केळी त्यांनी डोळ्यांदेखत नेली. साडेअकराला बारादरीत पोचलो. शाहजहानच्या काळातली ही अष्टकोनी वास्तू, वारा चारी बाजूंनी मोकळा. सावलीला बसून भाकरी सोडली.

खाली सगळा मुलूख पसरलेला. सोंगलेला मका, पांढरा पडलेला कापूस, रब्बीच्या ज्वारीचे हिरवे पट्टे. आणि तिथं बसून मिठाचा विषय पुन्हा निघाला.

मी मुनीमगिरीच्या सवयीनं हिशेब मांडला. किल्ल्यात हजार माणूस धरा. माणशी रोज अर्धा किलो धान्य म्हटलं तरी दिवसाला ५ क्विंटल. महिन्याला दीडशे क्विंटल, म्हणजे आमच्या जुन्या शंभर किलोच्या मापानं दीडशे पोती. सहा महिन्यांचा वेढा म्हणजे नऊशे पोती. ही फक्त माणसांची. घोड्यांचा दाणा वेगळा. आणि राजधानी होती ही, माणसं हजार कुठली, कितीतरी जास्त. पाणी कातळात कोरून साठवता येतं. किल्लाभर टाकी आहेत. धान्य कातळात पिकत नाही.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "कळलं आसंल त्या हमालांना. पहिल्याच पोत्याला कळलं आसंल. पण सांगायचं कुणाला? वरचा माणूस वरडत आसंल, आधी आत घ्या, आधी आत घ्या. हमालाला कोण विचारतं, पोत्यात काय हाय म्हणून?"

मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसलो. त्यांना आठवलं होतं की नाही माहीत नाही, मला मात्र लख्ख आठवलं. बरीच वर्षं झाली. मार्च महिन्यात अवकाळी आला आणि मोंढ्यात उघड्यावरची पोती आत घ्यायची एकच धावपळ उडाली. गव्हाची ऐंशी पोती होती. मामा दारात थांबून मला म्हणाले होते, "ही पोती जड लागतात, आत ओल हाय, यांना वेगळं ठेवू." मी वहीतून डोकं वर न काढता म्हणालो, "आधी आत घ्या, मग बघू." आठ दिवसांनी थप्पीला हात लावला तर वाफ येत होती. खालच्या तीस पोत्यांना बुरशी. दुकानाचं नुकसान झालं, शेतकऱ्याची उचल अडली, आणि मामांनी एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नाही.

मी म्हणालो, "मामा, त्या अवकाळीच्या साली तुम्ही सांगितलं होतं."

ते म्हणाले, "खा भाकरी. अजून वर जायचंय."

या किल्ल्याचा इतिहास भाकरीभोवती किती फिरतो हे मला तिथं बसून नीट उमगलं. १२९६ ला रामदेवरायाच्या मुलाची फौज परत आली, लढली, पण मोडली. आत खायला नाही, मग अपार खंडणी देऊन तह करावा लागला. पुढे १३२७ ला मुहम्मद तुघलकानं दिल्ली सोडून राजधानी इथं आणली, दौलताबाद हे नाव दिलं. त्या काळात इब्न बतूता हा प्रवासी इथं येऊन गेला. या किल्ल्यातल्या कैदखान्याच्या खड्ड्यात मांजरांहून मोठे उंदीर असल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. मामांना हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "मग जवळच कोठार आसणार." उंदरांवरून गोदामाची अवस्था ओळखणारा माणूस दुसरं काय म्हणणार!

त्याहून मला लागलेली गोष्ट अहमद निजामशाहाची. त्याला देवगिरी हवा होता आणि किल्ला सरळ हल्ल्यानं पडणारा नाही हे त्याला कळून चुकलं होतं. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या अधेमधे त्यानं १४९४ मध्ये अहमदनगर वसवायला घेतलं आणि तिथून सुगीच्या वेळी फौज पाठवून या किल्ल्याखालचा मुलूख लुटायला सुरुवात केली. दरसाल. उभं पीक घरात येऊ द्यायचं नाही. १४९९ ला किल्ला त्याच्या हाती आला. आम्ही बारादरीतून पाहत होतो ती हीच शेतं असतील. मामा म्हणाले, "राजा वर बसला, पण शेत तर सगळं तटाच्या बाहेरच हाय की."

बारादरीच्या वर आणखी चढल्यावर जनार्दनस्वामींचं स्थान लागतं. निजामशाहीत ते या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि पैठणहून बारा वर्षांचा एकनाथ गुरूच्या शोधात इथंच आला. नाथांची एक गोष्ट परंपरेनं सांगतात. स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचं काम दिलं. एकदा एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्याशी बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडल्यावर किती होईल!

एकतीस वर्षं दर दिवाळीच्या वहीपूजनाला मी ही गोष्ट दुकानातल्या पोरांना सांगत आलोय. रोजमेळ दहा रुपयांनी चुकला की जीव कसा टांगणीला लागतो हे मुनिमालाच कळतं. पण त्या जागेसमोर बसल्यावर मला पै आठवली नाही. आठवली ती तीस पोती. माझ्या वहीत ती आजही 'अवकाळी पावसाने खराब' अशीच लिहिलेली आहेत. चूक पावसाच्या नावावर टाकून मी मेळ बसवला होता. मी डोकं टेकवलं आणि मामांच्या पाया पडलो. ते संकोचून म्हणाले, "देवासमोर माणसाच्या पाया काहून पडतो?"

अगदी माथ्यावर बुरूज आहे, तोफ आहे आणि उभं राहू न देणारा वारा आहे. पायथ्यापासून दोनशे मीटर उंची. तिथून तिन्ही कोट एका नजरेत दिसतात, आणि १६३३ चा वेढा कसा पडला असेल ते समजतं. मोगलांच्या महाबतखानानं सुरुंगांनी बाहेरचे कोट फोडले. आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान. दुष्काळाची झळ अजून ओसरली नव्हती. किल्ल्याला रसद पोचवायला आदिलशाही फौज धडपडत होती आणि तिच्यात शहाजीराजेही होते. ज्या किल्ल्यात चार वर्षांपूर्वी सासऱ्यांना मारलं, त्याच किल्ल्यातल्या माणसांना दाणा मिळावा म्हणून! मोगल ती रसद आत पोचू देईनात. आत उपासमार, रोगराई. जूनमध्ये फत्तेखानानं किल्ल्या सोपवल्या. हा तासलेला डोंगर, ही अंधारी, तो खंदक यांना हात घालायची पाळीच मोगलांवर आली नाही.

उतरायला चढण्याहून जास्त वेळ लागला. गुडघ्यांना उतारच जड. अंधारीत मामांनी काठी माझ्याकडे दिली आणि भिंत चाचपत, बसून बसून पायऱ्या उतरले. वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पायांत चप्पल नको, पकड असलेला बूट हवा, आणि अंधारी उतरताना माणूस मागे नाही, पुढे हवा. तीन वाजता खाली आलो. बाहेर सीताफळांच्या टोपल्या मांडून बायका बसल्या होत्या. दौलताबादचं सीताफळ, त्याची चव काय सांगायची! हंगाम सरत आलेला. फळं लहान होती पण गर घट्ट. मामांनी एक फळ हातात घेऊन नुसतं तोललं आणि म्हणाले, "ह्यात बिया जास्त हायेत, ते दे."

वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परत जायचं होतं, म्हणून रिक्षा केली. दिल्ली दरवाजापाशी गाड्या तुंबल्या होत्या. रस्ता अजूनही त्या जुन्या दरवाजातूनच जातो आणि एका वेळी एकाच बाजूची वाहनं निघतात. समोरून मक्याच्या पोत्यांनी भरलेली पिकअप हळूहळू कमानीतून येत होती, वरची पोती दगडाला घासू नयेत म्हणून टपावर एक पोरगा आडवा झोपून हातानं इशारे करत होता. मामा रिक्षातून बाहेर वाकले.

"पन्नासचं पोतं हाय. साठ तरी आसतील," म्हणाले. मग पिकअप अगदी शेजारून जाताना त्यांनी हात लांब करून एका पोत्यावर थाप मारली आणि कान दिला. "वाळलेला हाय चांगला."

टपावरचा पोरगा वरून ओरडला, "काय झालं, आजोबा?"

"काही नाही. खालच्या थराला डाव्या बाजूचं एक पोतं जरा फुगलंय. उतरवताना ते वेगळं काढ. सांग मालकाला."

पोरानं वाकून डाव्या बाजूला पाहिलं आणि मान हलवली.